दुसऱ्याच्या दुःखाचे प्रेक्षक

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या तिसऱ्या भागात, कार्थेज नगरीतील आपल्या तरुणपणीच्या नाट्यवेडाविषयी लिहिले आहे. जे दुःख स्वतःच्या वाट्याला यावे असे कुणालाही वाटत नाही, तेच रंगमंचावर पाहून रडण्याची हौस माणसाला का असावी, हा त्यांचा प्रश्न. त्यांना त्याहून अधिक खटकते ती दुसरी गोष्ट. नाट्यगृहात मदतीला धावून येण्याचे बोलावणे कुणालाच नसते. प्रेक्षकाने हळहळावे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते, आणि तो जितका अधिक हळहळेल तितकी प्रयोगाची वाहवा अधिक. अशा दयेला दया म्हणावे काय?

ऑगस्टीन यांच्यासमोर निदान नट तरी होता. प्रयोग संपला की मुखवटा उतरवून तो घरी जात असे. आज आपण पडद्यावर ज्याचे दुःख पाहतो, तो पुष्कळदा नट नसतो. वीस-तीस मिनिटांत चित्रपट संपतो, दिवे लागतात, टाळ्या पडतात. पडद्यावरचा माणूस मात्र जेथे होता तेथेच राहिलेला असतो. हा प्रश्न आम्हांला ज्या चित्रपटांनी घालावयास लावला ते अफगाणिस्तानातील आहेत. त्यांतील बहुतेक लघुपट आहेत आणि जगभरच्या महोत्सवांनी ते डोक्यावर घेतले आहेत.

अफगाणिस्तानात चित्र पाहणे ही गोष्ट कधीच साधी राहिलेली नाही. ‘अफगाण फिल्म’ ही सरकारी चित्रपटसंस्था काबूलमध्ये 1968 साली स्थापन झाली. 1996 साली तालिबानने काबूल घेतले, तेव्हा चित्रपटगृहे बंद झाली, दूरदर्शन संच फोडले गेले, रिळे जाळली गेली. या संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत जे केले ते आमच्या मते चित्रपटाच्या इतिहासातील मोठे कृत्य आहे. हजारो रिळे एका खोलीत ठेवून त्यांनी तिच्यासमोर खोटी भिंत उभी केली. पकडले गेले असते तर जिवावर बेतले असते. आपण वाचवलेली ही रिळे कधी काळी कुणी पाहील, याची त्यांना कसलीही हमी नव्हती. ‘द फॉरबिडन रील’ या 2019 सालच्या माहितीपटात एरियल नासर यांनी ही कथा सांगितली आहे. मार्च 2001 मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगाने उडवल्या गेल्या हे साऱ्या जगाला कळले. भिंतीआड दडलेल्या रिळांची वार्ता जगाला फार उशिरा कळली.

त्यानंतरची वीस वर्षे अफगाण चित्रपटाला थोडी मोकळी हवा मिळाली. सिद्दीक बरमक यांचा ‘ओसामा’ 2003 साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला गोल्डन ग्लोब मिळाला. 2011 साली काबूलमध्ये मलेक शफी आणि डायना साकिब यांनी मानवी हक्कांचा चित्रपट महोत्सव सुरू केला. 2013 च्या मार्च महिन्यात हेरातच्या प्राचीन किल्ल्यात स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यामागे रोया सादत ही दिग्दर्शिका होती. ज्या देशात स्त्रीचा चेहराच वादाचा विषय, तेथे स्त्रियांनी घडविलेली चित्रे पाहण्यासाठी माणसे किल्ल्याच्या तटबंदीआड जमली!

अशा प्रेक्षकांवर ऑगस्टीन यांचा आरोप ठेवता येईल का? 11 डिसेंबर 2014 रोजी काबूलमधील फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात एक नाट्यप्रयोग चालू होता. विषय होता आत्मघातकी हल्ल्यांचा. प्रयोग चालू असतानाच प्रेक्षकांत बसलेल्या एका कोवळ्या मुलाने स्वतःला उडवून दिले. स्फोट झाला तेव्हा काहींना तो नाटकाचाच भाग वाटला, असे तेथून वाचलेल्यांनी सांगितले आहे. या घटनेवर आम्ही पुष्कळ विचार केला. जेथे रंगमंच आणि प्रेक्षागार यांच्यामधली रेषाच पुसली गेली आहे, तेथील प्रेक्षक दुसऱ्याचे दुःख पाहत नसतो. त्याचेच दुःख त्याच्यासमोर उभे असते आणि ते पाहण्यासाठी तो स्वतःचा जीव पणाला लावून आलेला असतो. ऑगस्टीन यांचा प्रश्न काबूलच्या प्रेक्षकाला लागू पडत नाही. तो लागू पडतो आपल्याला. सुरक्षित खुर्चीत बसणाऱ्या आपल्याला.

आता काही लघुपट पाहू. ‘बुझकशी बॉइज’ हा सॅम फ्रेंच या अमेरिकन दिग्दर्शकाचा 2012 सालचा लघुपट. काबूलमधील दोन मुले, एक लोहाराचा मुलगा आणि दुसरा रस्त्यावर वाढलेला अनाथ; बुझकशी या घोड्यावरच्या राष्ट्रीय खेळात नाव काढावे हे दोघांचे स्वप्न. 2013 साली त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. लोहाराच्या मुलाची भूमिका करणारा फवाद मोहम्मदी हा प्रत्यक्षात काबूलच्या चिकन स्ट्रीटवर परदेशी पाहुण्यांना नकाशे विकणारा मुलगा होता. लोकवर्गणी जमवून दोन्ही मुलांना लॉस एंजेलिसला नेण्यात आले. मुले लाल गालिच्यावर चालली, छायाचित्रे निघाली आणि मुले काबूलला परतली. या लघुपटाच्या निमित्ताने अफगाण तंत्रज्ञांना प्रशिक्षण मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. कर्त्यांची नियत आम्हांला खोटी वाटत नाही. तरीही त्या लाल गालिच्याकडे पाहताना मन अस्वस्थ होते. मुलाला जग दाखवले की जगाला मूल दाखवले?

कॅरोल डायसिंगर यांच्या ‘लर्निंग टू स्केटबोर्ड इन अ वॉरझोन’ या 2019 सालच्या माहितीपटाला 2020 साली ऑस्कर मिळाले. काबूलच्या एका शाळेत गरीब घरच्या मुली अक्षरे शिकतात आणि चाकांच्या फळीवर तोल सांभाळायला शिकतात. दिग्दर्शिका या देशात पुष्कळ वर्षे येऊन-जाऊन होती. ती ओळख चित्रपटात दिसते. मुली कॅमेऱ्याला भीत नाहीत, त्याच्याशी बोलतात.

पण या साऱ्यांत आमच्या मनात घर करून राहिला तो ‘थ्री साँग्ज फॉर बेनझीर’. गुलिस्तान आणि एलिझाबेथ मिर्झाई या दांपत्याचा हा अवघा बावीस मिनिटांचा माहितीपट 2021 सालचा. 2022 साली त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. काबूलमधील विस्थापितांच्या छावणीत शाइस्ता नावाचा तरुण आपल्या पत्नीसह, बेनझीरसह, मातीच्या घरात राहतो. आभाळात परकीय सैन्याचा टेहळणीचा फुगा तरंगत असतो. शाइस्ता बायकोसाठी गाणी म्हणतो, तिला हसवतो. त्याला राष्ट्रीय सैन्यात भरती व्हायचे आहे, शिकायचे आहे. पण घरची वडीलधारी माणसे त्याच्यासाठी जामीन राहायला तयार नाहीत. सैन्यात गेलेल्याच्या कुटुंबाचे काय होते, हे त्यांना ठाऊक आहे. पोटासाठी उरतो तो अफूच्या शेतातील कापणीचा रस्ता. मग चित्रपट चार वर्षे पुढे जातो. शाइस्ता आता व्यसनमुक्ती केंद्रात आहे, आणि त्याची माणसे त्याला भेटायला आली आहेत.

या चित्रपटात कुणी आपल्याला रडायला सांगत नाही. आपण ज्या माणसाला पाहतो तो आधी प्रियकर आहे, विनोदी आहे, थोडा हट्टी आहे; तो दुःखी आहे हे नंतर कळते. सामान्यतः महोत्सवांत नेमके उलटे घडते. निवड करणाऱ्यांना अफगाणिस्तान म्हटले की बुरखा हवा असतो, बंदूक हवी असते, भग्न भिंत हवी असते, आणि या बाजारात माणूस हा त्याच्या जखमेच्या मापाने मोजला जातो. बाजार हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. जखम जितकी खोल तितके पारितोषिक मोठे, हे एकदा कळले की जखमेचेच पीक काढण्याचा मोह कुणालाही होईल. शहरबानू सादत या दिग्दर्शिकेचा ‘व्हाइस व्हर्सा वन’ हा लघुपट 2011 साली कान महोत्सवाच्या दिग्दर्शक-विभागात दाखवला गेला. पुढे तिने धनगर मुलांच्या खोड्यांवर ‘वुल्फ अँड शीप’ काढला. आणि 2019 सालच्या ‘द ऑर्फनेज’मध्ये तर काबूलच्या चित्रपटगृहाबाहेर काळ्या बाजारात तिकिटे विकणारा अनाथ मुलगा मनातल्या मनात मुंबईच्या हिंदी चित्रपटांतली गाणी गातो. अफगाण मूल हिंदी गाणे गुणगुणते, त्यालाही आपल्यासारखाच नायक आवडतो, हे पाहून पाश्चात्त्य प्रेक्षक थोडा गोंधळला असेल. 1992 साली प्रदर्शित झालेला ‘खुदा गवाह’ अफगाणिस्तानात चित्रित झाला, तेव्हा काबूलकरांनी त्याचे केलेले स्वागत आठवणाऱ्या मुंबईकराला मात्र ते नवल वाटणार नाही.

महोत्सवाचे देणे कोण फेडते, हाही एक प्रश्न आहे. ‘ओसामा’मधील मुलीची भूमिका करणारी मरिना गोलबहारी ही काबूलच्या रस्त्यावर भीक मागताना दिग्दर्शकाला सापडली होती. पुढे ती अभिनेत्री झाली. 2015 साली दक्षिण कोरियातील बुसान महोत्सवात डोक्यावर ओढणी नसलेले तिचे छायाचित्र निघाले. ते काबूलला पोहोचले, धमक्या आल्या, आणि तिला आपल्या देशात परतणे अशक्य झाले. फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. महोत्सवाचा हेतू तिचा गौरव करण्याचाच होता. पण त्या एका छायाचित्राचे मोल त्या मुलीने आपल्या मायभूमीने चुकवले. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान काबूलमध्ये परतले, तेव्हा तर हे सार्वत्रिक झाले. अनेक परदेशी संस्थांनी वर्षानुवर्षे अभिमानाने मिरवलेली अफगाण स्त्रियांची छायाचित्रे घाईघाईने काढून टाकली. काल जे चित्र मुक्तीचे चिन्ह म्हणून झळकत होते, ते आज पाठलाग करणाऱ्याच्या हाती सापडलेला पुरावा ठरत होते. ‘अफगाण फिल्म’च्या प्रमुखपदी असलेली सहरा करीमी जगभरच्या चित्रपटकारांना अनावृत पत्र लिहून थोड्याच दिवसांत देशाबाहेर पडली.

मग यावर उपाय कोणता? पाहूच नये? तालिबानचे म्हणणे तेच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या नीतिविषयक कायद्याच्या सतराव्या कलमाने सजीवांची चित्रे प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. त्यानंतर काही प्रांतांत दूरदर्शनच्या पडद्यावर माणूस दिसेनासा झाला. पाहण्यात दोष असतो हे खरे. पण जेथे माणसाचा चेहराच पुसला जातो तेथे त्याच्यावरील अन्यायाला साक्षीदार उरत नाही. म्हणून ‘नका पाहू’ हे उत्तर आम्ही स्वीकारू शकत नाही. आणि कॅथलिक या नात्याने तर मुळीच नाही.

मूर्तिभंजनाचा वाद आपल्या ख्रिस्तसभेतही होऊन गेला आहे. पौर्वात्य साम्राज्यात प्रतिमा फोडल्या जात होत्या, भिंतींवरची चित्रे चुन्याने पुसली जात होती. 787 साली निकेयाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने पवित्र प्रतिमांना मान देणे योग्य ठरवले, आणि त्याचे कारणही दिले: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत अडकून राहत नाही, ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण या तत्त्वाची दुसरी बाजू आपण क्वचितच तपासतो. मान मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचत नसेल, तर? टाळ्या, पदके, निधी, कीर्ती हे सारे जर चित्राशीच थांबत असेल, आणि ज्याचा चेहरा त्या चित्रात आहे तो मातीच्या घरात उपाशी असेल, तर निकेयाच्या आचार्यांनी त्याला काय म्हटले असते? आमच्या अल्पमतीला वाटते, त्यांनी त्याला मूर्तिपूजाच म्हटले असते.

हसन फाझिली या अफगाण दिग्दर्शकाच्या प्राणांवर तालिबानने बक्षीस लावले, म्हणून पत्नी आणि दोन मुलींसह तो युरोपच्या वाटेला लागला. हा प्रवास त्या कुटुंबाने तीन मोबाइल फोनांवर चित्रित केला. त्यातून 2019 साली ‘मिडनाइट ट्रॅव्हलर’ तयार झाला. लघुपट नव्हे, पूर्ण लांबीचा आहे. पण येथे त्याला वगळता येत नाही. एका प्रसंगी त्याची धाकटी मुलगी काही वेळ हरवते. बाप सैरभैर होऊन शोधतो. आणि त्याच क्षणी त्याच्यातील चित्रपटकाराच्या मनात येते की, हा प्रसंग चित्रपटासाठी किती उत्तम आहे! मुलीचा मृतदेह सापडला आणि हातात कॅमेरा असला तर, इथपर्यंत कल्पना जाते. मग त्याला स्वतःची शिसारी येते. मुलगी सापडते, शोधाचे चित्रण तो करत नाही, पण ही कबुली मात्र तो स्वतःच्या आवाजात आपल्याला ऐकवतो. ऑगस्टीन यांनी प्रेक्षकाला जो प्रश्न विचारला, तो या निर्वासित बापाने कलावंत म्हणून स्वतःला विचारला. आजवर इतक्या प्रामाणिकपणे तो विचारलेला आम्ही तरी दुसरीकडे पाहिला नाही.

यातनांकडे पाहण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. प्रत्येक देवळाच्या भिंतीवर क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात. प्रायश्चित्तकाळातील दर शुक्रवारी आपण एका छळल्या गेलेल्या माणसाकडे पाहतो. पण तेथे आपल्याला खुर्ची दिलेली नाही, हे लक्षात घ्यावे. आपण चालतो, गुडघे टेकतो, आणि ज्यांनी त्याला मारले त्यांत आपण होतो हे मोठ्याने म्हणतो. सहाव्या स्थानी वेरोनिका भेटते. शुभवर्तमानात तिचा उल्लेख नाही, परंपरेने तिला आपल्या हाती दिले आहे. आणि परंपरेने घटनांचा क्रमही किती नेमका ठेवला आहे! वेरोनिकेने प्रभूचा चेहरा आधी पुसला. त्या चेहऱ्याची प्रतिमा तिच्या वस्त्रावर उमटली ती त्यानंतर. प्रतिमा मिळवावी म्हणून ती गर्दी चिरून पुढे आली नव्हती.

चांगल्या शोमरोन्याचा दाखलाही या दृष्टीने पुन्हा वाचावा. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्याबाबत तिघे सारखेच आहेत. याजक आणि लेवी आंधळे होते असे प्रभू येशू म्हणत नाही. त्यांना जखमी माणूस दिसला होता, कदाचित त्यांना हळहळही वाटली असेल. फरक पडला तो नंतर. तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर, उतारशाळेच्या मालकाला दिलेली दोन नाणी, आणि परतीच्या वाटेवर उरलेला खर्च फेडण्याचा शब्द.

आपली ख्रिस्तसभा चित्रपटमहोत्सवांपासून दूर नाही. 1974 पासून कानच्या महोत्सवात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट परीक्षकांचे एकत्रित मंडळ पारितोषिक देत आले आहे. 2001 च्या मे महिन्यात ते मोहसेन मखमलबाफ या इराणी दिग्दर्शकाच्या ‘कंदाहार’ला मिळाले. त्या चित्रपटात सुरुंगांनी पाय गमावलेली माणसे आकाशातून हवाई छत्रीने उतरणाऱ्या कृत्रिम पायांमागे कुबड्यांवर धावतात. त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर साऱ्या जगाने अफगाणिस्तानाकडे माना वळवल्या; ख्रिस्ती परीक्षकांनी चार महिने आधी पाहिले होते. याचा आम्हांला आनंद आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली प्रसारमाध्यमांविषयी जो आदेश काढला, त्यात चित्रपट काढणाऱ्यांइतकीच पाहणाऱ्यांवरही जबाबदारी टाकली आहे. ती जबाबदारी काय पाहू नये एवढ्यापुरतीच आपण समजत आलो. मुलांनी कोणता चित्रपट पाहू नये याच्या याद्या धर्मग्रामांत फिरत. पाहून झाल्यावर आपल्यावर काय बंधन येते, याची चर्चा झालेली आमच्या स्मरणात नाही.

आमचे मत असे झाले आहे की, ज्याने चेहरा पाहिला तो ऋणी झाला. किती ऋणी, हे सांगणे अवघड. प्रत्येक प्रेक्षकाने काबूलला जावे असे कुणी म्हणणार नाही. शोमरोन्यालाही जखमी माणूस शोधायला दूरदेशी जावे लागले नव्हते, तो त्याच्याच वाटेवर पडला होता. तेव्हा आपली वाट कोणती हे पाहिले म्हणजे पुरे. पुणे हे चित्रपटाचे शहर आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून तेथे आहे, चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था तेथे आहे, महोत्सव तेथे भरतात. त्याच शहरात कित्येक वर्षे अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत आले. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले, तेव्हा सुटीत घरी गेलेले अनेक जण तिकडेच अडकून पडले. जे येथे होते त्यांचे घरून येणारे पैसे थांबले. ‘ओसामा’ पाहून डोळे पुसणारा प्रेक्षक आणि नाव ऐकताच खोली भाड्याने देण्यास नकार देणारा घरमालक ही दोन वेगळी माणसे असतातच असे नाही.

‘लर्निंग टू स्केटबोर्ड’मध्ये फळ्यासमोर उभ्या राहून अक्षरे वाचणाऱ्या मुली आता किशोरवयाच्या पुढे गेल्या असतील. सप्टेंबर 2021 पासून सहावीनंतरच्या वर्गांचे दार त्यांच्यासाठी बंद आहे, डिसेंबर 2022 पासून विद्यापीठाचेही. त्यांचा चित्रपट आपल्याकडे उघडपणे पाहता येतो. ज्या काबूलमध्ये तो चित्रित झाला तेथे आज तो दाखवता येणार नाही. आणि खोट्या भिंतीआड वाचवलेली ‘अफगाण फिल्म’ची रिळे, ज्यांच्यापासून ती लपवली होती त्यांच्याच ताब्यात आहेत.